हिरव्या खुणांचा माघ

रोह्याच्या बाजारात वालाच्या शेंगा आल्या. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याला बायका पोतं अंथरून ढीग घालतात, शेजारी भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या. पोपटी लावायची तर दोन्ही लागतं. मडक्यात तळाला पाला, त्यावर शेंगा, ओवा, खडेमीठ, वर पुन्हा पाला, मग मडकं उपडं करायचं आणि भोवतीनं जाळ घालायचा. त्या पाल्याचा उग्र वास बोटांना एकदा लागला की दोन दिवस जात नाही. परवा शाळा सुटल्यावर तिथून जाताना एकीनं हाक मारली, "बाय, घे गो शेंगा. कोवल्या हायत."

मी थांबले, आणि काही न घेता पुढे निघाले. माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही सगळे बायच म्हणायचो.

बाय माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. पेणच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. मी दुसरीत असताना आई गेली. त्यानंतर माझी वेणी घालणारी, मला बडवणारी आणि शाळेत ढकलणारी बायच. लग्न गावातच झालं, त्यामुळे ती मला सोडून कुठे गेली नाही. गेले ती मीच, आधी पेणला शिकायला आणि मग रोह्याच्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायला. बाय भावोजींबरोबर मिठागरावर राबत राहिली, आणि भावोजी गेल्यावर एकटीनं. वाफ्यांच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला खाडीच्या वाऱ्यात जेवायला बोलवायचं तर जसा आवाज लागतो, तसा तिचा आवाज होता. घरातही ती त्याच आवाजात बोलायची. तिचा फोन आला की मी तो कानापासून वीतभर लांब धरायची.

चार वर्षांपूर्वी दिवाळी झाली, कापणी उरकली आणि एका सकाळी बाय चहाचा कप हातात घेऊन बसली ती तशीच बसून राहिली. उजवा हात गेला. पाय थोडा वाचला. बोलणं मात्र पार गेलं.

"ऐकलेलं सगळं समजतं त्यांना," पनवेलच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. "काय म्हणायचंय तेही आत आहे. फक्त शब्द हाताला लागत नाहीत."

"परत येतील?"

"एखादा येईलही. सांगता येत नाही."

घरी तिची सून दर्शना होती. भाचा कंपनीत शिफ्टला, त्यामुळे सगळं दर्शनावरच. बाय डाव्या हातानं हवेत काहीतरी काढायची आणि दर्शना एकेक विचारत जायची, "पानी? चादर? मोरीत नेऊ?" बाय मान हलवायची. असं पाच-सात वेळा झालं की बाय भिंतीकडे तोंड करायची आणि दर्शना चुलीशी जाऊन उगाच भांडी आपटायची. एकेका घोटासाठी दोघी घामाघूम व्हायच्या.

मी त्या दोघींना काय देऊ शकत होते? मला स्वयंपाक धड येत नाही, आजारी माणसाची कूस बदलता येत नाही. मला कॉम्प्युटर येतो. मी शोधत बसले आणि मला एक प्रोग्रॅम सापडला. टॅबवर चित्रं दिसतात, चित्राला बोट लावलं की टॅब तो शब्द बोलतो. बोलणं गेलेल्या माणसांसाठीच केलेला. तो कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. त्याचं आतलं सगळं लिखाण उघडं ठेवलेलं, कुणीही वाचावं, सुधारावं, आपल्या भाषेची भर घालावी. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. कुणी तरी त्यात मराठीही घालून ठेवली होती. मला वाटलं, झालं, आता बाय बोलणार.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी मी तो टॅब बायच्या मांडीवर ठेवला आणि तिचं बोट धरून पाण्याच्या पेल्यावर टेकवलं. आतून एक गोड बाई म्हणाली, "मला तहान लागली आहे. कृपया पाणी द्या."

बाय हसली. तोंडाची एकच बाजू हलली, पण पोट हलेपर्यंत हसली. दर्शनाही पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मावशी, आमच्या घरात कृपया कोन म्हनतं गो?" आजारपणानंतर बाय हसलेली मी तेवढीच पाहिली.

मग तिचं बोट आपणहून सरकलं आणि एका पांढऱ्या ढिगाच्या चित्रावर गेलं. टॅब म्हणाला, "बर्फ पडत आहे." तिनं पुन्हा दाबलं. "बर्फ पडत आहे." तिसऱ्यांदाही तेच. तिनं टॅब ढकलून दिला. आम्ही दोघी अजून हसतच होतो.

तो मिठाचा ढीग होता, हे दर्शनाच्या आठ दिवसांनी लक्षात आलं. "मावशी, बायला आगर वाटला तो. आगरावर न्या म्हनत असंल." मी वहीत नोंद केली, 'आगराचं चित्र घालणे'. नुसती नोंद केली. मिनीडोर रिक्षा सांगितली असती तर तिला बांधावर न्यायला दहा मिनिटं लागली असती. ते सुचायला मला चार वर्षं लागली.

मी ठरवलं की टॅबला बायची बोली शिकवायची. मला पाणी हवे आहे, याच्या जागी मना पानी दे. मला बसवा, याच्या जागी मना वाईच बसव. शब्दांची यादी मी केली, आवाज दर्शनाचा. माझा आवाज घेऊन पाहिला होता, पण तीस वर्षं शाळा-कॉलेजात घासून घासून माझ्या तोंडातली बोली गुळगुळीत झाली होती. मी "मना पानी दे" म्हटलं तर नाटकातल्या मोलकरणीसारखं वाटायचं.

अशा प्रोग्रॅममध्ये आपण काही भर घातली की ती लगेच आत घेत नाहीत. आधी चाचण्या लागतात. त्या कुणी माणूस घेत नाही, यंत्रच घेतं. प्रत्येक चित्राला शब्द आहे का, शब्दाला आवाज आहे का, आवाज फार लांब नाही ना, सुरुवातीला खरखर नाही ना, शब्दाचं लेखन यादीबरहुकूम आहे का. एक ओळ टाईप करायची, एंटर दाबायचं आणि बघत बसायचं. पास झाली की हिरवी खूण, नापास झाली की लाल. सगळ्या हिरव्या झाल्या की मग या कामाची देखरेख करणारा माणूस तुमची भर आत घेतो. आमच्या मराठी भागाची देखरेख नागपूरचा अनिकेत करायचा. मी त्याला कधी पाहिलं नाही. लिहिताना तो मला ताई म्हणायचा.

पहिल्यांदा चाचण्या लावल्या तेव्हा पडदा लालेलाल झाला. दर्शनाच्या प्रत्येक शब्दामागे खाडीचा वारा होता, कोंबडा होता, शेजारच्यांचा पंप होता. शेवटी मी तिला कपाटाच्या उघड्या दारात बसवलं, डोक्यावरून गोधडी घातली आणि आत फोन धरला. गोधडीतून तिचा आवाज यायचा, "मना पानी दे. मना दुखतं. दिवा लाव. नको." मध्येच ती घुसमटून बाहेर यायची. पलंगावरून बाय हे सगळं बघत असायची.

आवाज सुटले तर लेखन अडलं. पानी, मना, कोन, सगळ्यांवर लाल. अनिकेतनं लिहिलं, "ताई, चाचणी म्हणतेय की पानी हा हिंदी शब्द चुकून मराठीत आलाय."

मी लिहिलं, "चुकून आलेला नाही. माझी बहीण हेच म्हणते."

"माझा विश्वास आहे, ताई. पण चाचणी लाल असताना मला आत घेता येत नाही. बोलीचा वेगळा भाग करा, त्याची वेगळी यादी करा, आणि त्या यादीच्या चाचण्याही लिहा."

माझी बहीण हेच म्हणते, असं मी वर्तमानकाळात लिहिलं होतं. तेव्हा ती काहीच म्हणत नव्हती.

पौष आणि माघ त्यात गेले. दर शनिवारी शाळा सुटली की रोह्याहून गाडी. निडी, नागोठणे, कासू. बाहेर कापलेल्या शेतांत वालाची फुलं, जांभळी आणि पांढरी, आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप. गाडीत रेंज जायची-यायची, पण चाचण्या माझ्याच लॅपटॉपवर चालत असल्यामुळे त्यांचं अडत नव्हतं. कासूपर्यंत चार लाल हिरव्या करायच्या, पेणपर्यंत आणखी दोन, असं मी मनाशी ठरवायचे. खरं सांगायचं तर मला त्यात सुख वाटायचं. घरी जे बिघडलं होतं त्याला कुठून हात घालावा ते कळत नव्हतं. इथे बिघाड कोणत्या ओळीत आहे ते नावानिशी लिहून यायचं. दुरुस्त केलं की खूण हिरवी व्हायची आणि कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं व्हायचं.

गावी पोचले की मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची, कारण प्लग तिथे होता. बायचा पलंग माझ्या पाठीमागे यायचा.

माघातल्या एका रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून मी 'दुखतं' या शब्दाच्या मागची खरखर काढत होते. पाव सेकंदाची खरखर, पुन्हा पुन्हा ऐकत होते. कुणीतरी माझा खांदा जोरानं हलवला. दर्शना होती. तिचे हात पिठाचे होते.

"मावशी, ऐकलं नाय? बाय बोलली!"

"काय?"

"तुजं नाव घेतलं. मंदे म्हनली. दोनदा! मी चुलीजवलनं ऐकलं."

मी वळले. बाय माझ्याकडेच बघत होती, मान उचलून. तिचे डोळे मोठे झाले होते, स्वतःच घाबरल्यासारखे. मी तिच्यापाशी जाऊन गुडघ्यावर बसले. "बाय, काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

तिचे ओठ हलले. नुसती हवा आली.

"म्हण ना. मं... मं..."

तिनं प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणल्या, घाम आला. मी थांबायला हवं होतं. पण मला तो शब्द हवाच होता, माझा होता तो, आणि तो माझ्याऐवजी दर्शनानं ऐकला होता. "अजून एकदा, बाय. आता म्हणालीस ना. मं..." किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी बायच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

"बस झालं, मावशी," दर्शना म्हणाली. "ती काय शालेतली पोर हाय?"

मला बारावीच्या तोंडी परीक्षेला बसणारे बाहेरचे परीक्षक आठवले. समोरच्या पोराला उत्तर येत असतं, पण आवाज फुटत नाही, आणि ते नुसते पेन टेकवून वाट बघतात. तो शब्द पुन्हा आला नाही. मला तिनं हाक मारली तेव्हा मी तिला पाठ करून तिच्यासाठी आवाज स्वच्छ करत होते, हे मी कुणालाही सांगितलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

माघ सरता सरता सगळ्या खुणा हिरव्या झाल्या. अनिकेतनं लिहिलं, "अभिनंदन ताई. पहिली बोली आपली." मी शाळेच्या स्टाफरूममध्ये एकटीच होते. टेबलावर डोकं ठेवून रडले.

त्या शनिवारी टॅब पुन्हा बायच्या मांडीवर ठेवला. पेल्याला बोट लावलं, दर्शनाचा आवाज म्हणाला, "मना पानी दे." बायनं टॅबकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या दर्शनाच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती स्वतः एकेक चित्र बघत गेली. जेवण, दिवा, चादर, सूर्य. लाल फुलीच्या चित्रावर तिचं बोट थांबलं.

"नको."

"काय नको, बाय?" मी विचारलं.

"नको."

तिनं दुसरं काही कधी दाबलंच नाही. गोळी पुढे केली, नको. उशी सारखी करायला गेले, नको. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, नको. मी तो परत पिशवीत ठेवला. दोन महिने खपून मी साठ शब्द उभे केले होते. तिनं त्यांतून एक उचलला. पण तो तिनं नेमका उचलला, आणि मनापासून वापरला. प्रोग्रॅम चालत होता. माणसाला जे म्हणायचंय ते म्हणता यावं म्हणून तो केलेला, आणि तिला हेच म्हणायचं होतं. हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मी धरून चालले होते की बोलता आलं की ती काहीतरी मागेल.

फाल्गुनात दुसरा झटका आला. या वेळी डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. शाळेत परीक्षा सुरू होत्या, मी एक दिवसाआड जाऊन येत होते. शिमग्याला चार दिवस राहिले असताना बाय गेली. मी कासूपर्यंत पोचले होते तेव्हा भाच्याचा फोन आला. गाडी थांबली होती, सिग्नल नव्हता. मी खिडकीतून बघत बसले. शेतांत वाल उपटून झाला होता, नुसती ढेकळं होती.

त्यानंतर मी त्या कामाकडे फिरकले नाही. चार वर्षांत प्रोग्रॅम पुष्कळ बदलला, कुणाकुणाच्या हातून गेला. यंदा शेंगा बाजारात आल्या त्याच आठवड्यात अनिकेतचा मेल आला. "ताई, ओळख लक्षात असेल. नव्या बदलांनंतर बोलीच्या भागातल्या चाचण्या नापास होतात. आवाजाच्या फाइलींची जुनी पद्धत आता चालत नाही. बघणारं कुणी नसेल तर तो भाग काढून टाकावा लागेल. तो वापरणारे थोडे लोक आहेत, त्यांची पत्रं येतात. उरणकडच्या एकाचे वडील त्यावर बोलतात. तुमचं काय म्हणणं?"

आवाज दर्शनाचा होता, म्हणून रविवारी मी तिला विचारायला गेले. ती ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मी सांगितलं तसे तिचे हात थांबले.

"मावशी, ठेवायचं तर ठेवा. त्या बाबांचं अडंल. पन माजा 'नको' तेवढा काडा त्याच्यातून."

"का गो?"

ती सुपाकडे बघत राहिली. "तू नसायचीस तवा. शेवटचे दिवस. मी पेज भरवाला बसायची, नि बाय तो दाबायची. माजाच आवाज मना म्हनायचा, नको. चमचा पुढं केला, नको. तोंड पुसाला गेले, नको. मी बाहेर येऊन कान झाकून बसायची. मना वाटायचं, मीच बोलतेय. मीच म्हनतेय, नको ही म्हातारी."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"मग मी तो टॅब कपाटावर ठेवला. वर, मागं. तुला सांगितलं, चार्ज संपलाय. दोन दिवस ती हात फिरवीत व्हती चादरीवर. असा." तिनं सुपातल्या तांदळावरून तळहात फिरवला, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. "सोधीत व्हती गो. मना कलत व्हतं. मी नाय दिला. तिसऱ्या दिवशी गेली."

खाडीकडून वारा येत होता. तांदळातला कोंडा उडून दोघींच्या अंगावर बसत होता. मला राग यायला हवा होता, असं मी नंतर गाडीत बसल्यावर ठरवून पाहिलं. आला नाही. त्या घरात बायचं सगळं काढणारी ही एकटी होती. आणि मी बायला जे बोलणं दिलं ते हिच्या तोंडातून काढून दिलं होतं. ऐकायचंही हिलाच होतं. हे तपासणारी एकही चाचणी मी लिहिली नव्हती. लिहिताही आली नसती.

"तुझं चुकलं नाही," मी म्हटलं.

"व्हय," दर्शना म्हणाली, आणि सूप उचललं. तिला ते पटलेलं नव्हतं. मलाही पूर्ण पटलेलं नव्हतं, ते तिला कळलं असावं.

रोह्याला आल्यावर मी अनिकेतला लिहिलं, ठेवा, मी सांभाळते. तीन दुपारी बसून फाइली नव्या पद्धतीत आणल्या. चाचण्या लावल्या. एकच लाल राहिली, कारण तिथला आवाज मी काढून टाकला होता. दर्शनाला पुन्हा बोलवायचं नव्हतं. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, फोन तोंडाशी धरला. आमच्या गावच्या बोलीत आणि माझ्या पुस्तकी मराठीत हा शब्द सारखाच आहे, तो म्हणायला मला वेगळं तोंड करावं लागत नाही.

त्या दुपारी मी नऊ वेळा "नको" म्हटलं. आठ वेळा आवाज चिरकला. नववा पाठवला.